अल्सीच्या हातची चव

मेल्विना रोशाँ शाळेची बस चालवायची. न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डात तिला ओळखत नाही असं पोर नव्हतं, आणि तिच्या तोंडी लागायची कुणा आईबापाची छाती नव्हती. उशिरा येणाऱ्या पोराच्या आईला ती खिडकीतूनच सुनवायची, "बेबी, ही शाळेची बस आहे, तुझ्या नवऱ्याची गाडी नाही. सात म्हणजे सात." नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ झालं नाही. दोन गल्ल्या पलीकडे बापानं स्वतःच्या हातानं गिलावा केलेलं घर होतं. त्यात तिची आई युलाली राहायची, आणि आईपाशी धाकटा भाऊ अल्सी.

अल्सी स्वयंपाकी. चौदाव्या वर्षापासून त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या आठ टेबलांच्या खानावळीत तो सकाळी नऊला शिरायचा. सोमवारी राजमा-भात, शुक्रवारी तळलेला मासा, आणि गंबो रोज. तेलात पीठ तांबूस काळं होईपर्यंत परतायचं, मग कांदा, ढोबळी मिरची, भेंडी, खेकडे, कोळंबी, आणि वर भात. हे तिथं घरोघरी होतं. पण अल्सीच्या गंबोत शेवटच्या घोटाला एक कडसर, उन्हासारखी चव यायची आणि ती कशाची हे कुणाला ओळखता यायचं नाही. ती युक्ती आईची. अंगणातल्या झाडाच्या संत्र्यांची साल वाळवायची, सोड्यांबरोबर तव्यावर भाजायची आणि दोन्ही एकत्र कुटायचं. आई सांगायची, हे घराबाहेर बोलायचं नाही. ते दोघंही कधी बोलले नव्हते.

एरवी भावाबहिणीचं फारसं पटत नसे. अल्सी मऊ माणूस होता. लग्न मोडलं, नोकऱ्या बदलल्या नाहीत, कुणाला नाही म्हणता आलं नाही. मेल्विनाला वाटायचं, हा आईच्या पदराआड लपलाय. तसं ती त्याला बोलूनही दाखवायची.

दोन हजार पाच सालच्या ऑगस्टमध्ये वादळाच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मेल्विनाची शेजारीण झेनोबिया गाडी भरून दारात उभी राहिली. गाडीत मेल्विनाखेरीज अजून एका माणसाची जागा होती. मेल्विना धावत आईकडे गेली. आई खुर्चीतून उठली नाही. पासष्ट सालचं वादळ मी याच घरात काढलं, म्हणाली, आता या गुडघ्यांनी मी ह्यूस्टनला जाऊन कुणाच्या सोफ्यावर झोपू? मेल्विनानं एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं हे तिला पुढे रोज वाटलं, पण तेव्हा झेनोबिया हॉर्न वाजवत होती आणि आईच्या हट्टाचा तिला रागही आला होता. दारात अल्सी उभा होता. त्याला ती म्हणाली, "तू आहेस ना इथं? आयुष्यात एवढं तरी कर."

"करतो," अल्सी म्हणाला.

सोमवारी बांध फुटले. मेल्विनानं ते ह्यूस्टनमध्ये झेनोबियाच्या चुलत बहिणीच्या घरी टीव्हीवर पाहिलं. पाण्यातून नुसती छपरं वर आलेली होती. त्यातलं आपलं कुठलं हे ती बोट ठेवून शोधत राहिली.

आई सापडली ती महिन्याभरानं, माळ्यावर. प्रेत ताब्यात मिळेपर्यंत नाताळ उलटून गेला होता. अल्सी मात्र कुठेच नव्हता, ना माळ्यावर, ना इस्पितळात, ना छावण्यांच्या याद्यांत. बेपत्ता लोकांच्या यादीत त्याचं नाव चढलं आणि तिथंच राहिलं. मेल्विना दर महिन्याला फोन करायची. पलीकडची बाई दर वेळी मऊ आवाजात सांगायची, अजून काही कळलं नाही, मॅडम.

आईला पुरायला ती गेली, तेव्हा शेजारचे म्हातारे मिस्टर पॉप्युलस भेटले. ते आपल्या छपरावर चार दिवस काढून वाचले होते. त्यांनी तिला कबरस्तानाच्या फाटकाशी बाजूला घेऊन काही सांगितलं. ते ऐकून मेल्विना तिथंच पायरीवर बसली. त्यांनी काय सांगितलं हे तिनं झेनोबियालासुद्धा सांगितलं नाही.

परत जायला घर उरलं नव्हतं. तिनं ह्यूस्टनमध्येच दोन खोल्या घेतल्या आणि तिथल्याच एका शाळेची बस धरली. नव्या पोरांना ती ओरडत नसे. ती पोरं तिला शांत बाई म्हणून ओळखायची.

एका रविवारी चर्च सुटल्यावर झेनोबिया तिला ओढून एका खानावळीत घेऊन गेली. न्यू ऑर्लिन्सहून पळालेल्याच लोकांनी काढलेली. टायरच्या दुकानाला लागून एक लांबट खोली, लाल प्लास्टिकचे पेले, टेबलावर कागदी रुमालांचं भेंडोळं, भिंतीवर बुडालेल्या चर्चचा फोटो. वाढणारी बाई सगळ्यांना "बेबी" म्हणत होती आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच होता, तुमचा वॉर्ड कुठला? मेल्विनानं गंबोचा चमचा तोंडात घातला आणि तो तसाच राहिला.

"काय झालं? बिघडलाय?" झेनोबियानं विचारलं.

"नाही. अल्सीला दुसरं काय येतं, झेन? तो जिवंत असेल तर कुठल्या तरी चुलीपुढेच असेल."

त्या दिवसापासून तिचे रविवार असे जाऊ लागले. शहरात आपल्या लोकांच्या खानावळी किती हे तिला ठाऊक नव्हतं. ती शोधत गेली तशा त्या निघत गेल्या. कुठे पेट्रोल पंपाच्या पाठीमागे, कुठे धोबीखान्याशेजारी. एक तर अंत्यविधीच्या दुकानाच्या तळमजल्यावर होती. ती जायची, कोपऱ्यातलं टेबल धरायची, गंबो मागवायची. आधी दोन चमचे घ्यायची आणि डोळे मिटून थांबायची. मग उरलेला झेनोबियाकडे सारायची. जाताना विचारायची, आत अल्सी रोशाँ नावाचा कुणी आहे का? नसायचा.

वर्षाला चाळीसेक खानावळी व्हायच्या. झेनोबिया आधी हौसेनं यायची, नंतर मैत्रिणीखातर. एका ठिकाणी मालकानं अभिमानानं विचारलं, कसा आहे? मेल्विना म्हणाली, "बेबी, हा गंबो नव्हे, पोस्टर चिकटवायची खळ आहे." झेनोबियाला हसू आवरेना. त्या वर्षांत दोघी एवढ्या मोकळ्या हसल्या त्या तिथंच. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मेल्विनाला मीठ कमी करायला सांगितलं. पाचव्या वर्षी झेनोबिया म्हणाली, त्याच्यासाठी एक प्रार्थना करवून घे आणि थांब आता. मेल्विना म्हणाली, प्रेत दाखव, थांबते.

सहाव्या वर्षी एप्रिलमध्ये ती एकटीच गेली होती. खानावळ डेल्फीन नावाच्या विधवेची होती. लेक चार्ल्स या गावची बाई, घसा बसलेला, हातावर तेलाचे डाग. दहा टेबलं, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायची खिडकी. गंबो आला. मेल्विनानं पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, डोळे मिटले. घशाच्या मागे ती कडसर चव हळूच उतरली.

तिनं चमचा खाली ठेवला. तिनं डेल्फीनला बोलावलं आणि विचारलं, आत स्वयंपाकी कोण आहे?

"ओनी आहे. का हो?"

"अल्सी रोशाँ नाही?"

"नाही, मिस. आमचा ओनेसिम. पाच वर्षं झाली."

ओनेसिम हे अल्सीचं मधलं नाव, आजोबांवरून ठेवलेलं. ते घरात कुणी कधी वापरलं नव्हतं. मेल्विना उठून खिडकीशी गेली. आत चूल पेटलेली होती, पातेलं उकळत होतं, आणि मागचं दार सताड उघडं होतं. माणूस नव्हता. त्यानं तिला आधीच पाहिलं होतं.

डेल्फीन मागे येऊन उभी राहिली. उघडं दार बघून तिला काय ते समजलं असावं. तिनं विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

"बहीण."

"तो म्हणाला होता, माझं कुणी उरलं नाही." डेल्फीननं उघड्या दाराकडे पाहिलं. "तो येईल परत. जायला जागा नाहीये त्याला. मंगळवारी दुपारी तीनला या. तेव्हा बंद असतं. मी थांबवते त्याला."

मंगळवारी मेल्विना गेली तेव्हा अल्सी मधल्या टेबलाशी ॲप्रन लावून बसला होता. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते, पुढचे दोन दात नव्हते. डेल्फीननं दोन कॉफी ठेवल्या आणि ती मागे निघून गेली. सहा वर्षं मेल्विनानं मनात कितीतरी वाक्यं रचून ठेवली होती. तोंडून आलं ते असं:

"दात कुठे गेले?"

"पडले."

मग अल्सीनंच सुरुवात केली, टेबलाकडे बघत, सगळं ओळीनं, जसं कुणी पाठ केलेलं सांगावं. सोमवारी सकाळी दाराखालून पाणी आलं आणि दोन तासांत खिडकीला लागलं. त्यानं आईला खांद्यानं वर ढकलत शिडीनं माळ्यावर चढवलं. तिचे गुडघे वळत नव्हते, ती प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत होती. वर भट्टीसारखं तापलं होतं. मांस तोडायच्या सुऱ्यानं त्यानं छपराला भोक पाडलं, पण त्यातून तो निघू शकत होता, आई नाही. मंगळवारी दुपारपर्यंत पाण्याची बाटली संपली. आई म्हणाली, जा, कुणाला तरी घेऊन ये. तो गेला. एका दाराच्या फळीला धरून तो उंच रस्त्यापर्यंत पोहत पोचला. तिथं हजार माणसं उन्हात बसलेली. जी होडी येईल तिला त्यानं पत्ता सांगितला. प्रत्येकानं मान डोलावली. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी लोकांना शहराबाहेर न्यायला बसगाड्या आल्या.

"शिपायांनी चढवलं तुला?" मेल्विनानं विचारलं. बऱ्याच लोकांना तसंच बळजबरीनं चढवल्याचं तिनं ऐकलं होतं. तिला तसं ऐकायचं होतं.

"नाही, मेल. मला कुणी ढकललं नाही. रांग होती. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली आणि मी चढलो."

पुढचं सांगायला फारसं नव्हतं. बसनं जिथं उतरवलं तिथं त्यानं नाव सांगितलं ते ओनेसिम. आई गेल्याचं त्यानं दोन महिन्यांनी वर्तमानपत्रातल्या यादीत वाचलं. बहीण ह्यूस्टनमध्ये आहे हेही त्याला एकदा कळलं होतं. एका चर्चच्या दारात त्यानं तिला लांबून पाहिलं होतं, निळ्या कोटात, आणि तो मागे वळला होता.

मग त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.

"ती लगेच गेली असेल ना? मंगळवारीच? पाणी चढलं असेल वर. मला तसंच वाटतं. मी निघालो आणि तासाभरात चढलं असेल."

मेल्विनाला उत्तर ठाऊक होतं. पाणी माळ्याला कधी लागलंच नव्हतं. "हो" म्हणणं सोपं होतं. एक अक्षर, आणि हा माणूस त्यावर उरलेलं आयुष्य काढू शकला असता. नंतर तिनं स्वतःला अनेकदा विचारलं, "हो" का म्हणाली नाहीस? तिला वाटायचं, मी सहा वर्षं ते एकटीनं वाहिलं म्हणून. निळ्या कोटाचं ऐकून पित्त खवळलं हेही खरं होतं.

"मंगळवारी नाही," ती म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळपर्यंत ती हाका मारत होती. मिस्टर पॉप्युलसनी छपरावरून ऐकल्या. तुझ्या नावानं."

अल्सीनं मान खाली घातली. दोन्ही हात त्यानं टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मागे डेल्फीनचा रेडिओ चालू होता. मग तो इतक्या हळू बोलला की तिला पुढे वाकावं लागलं.

"तूच म्हणाली होतीस. एवढं तरी कर म्हणून."

"हो. म्हणाले होते."

त्याच्या आवाजात दोष देण्यासारखं काही नव्हतं. असतं तर ती भांडली असती. तो उठला, ॲप्रनच्या नाड्या घट्ट केल्या, संध्याकाळचा कांदा चिरायचाय म्हणाला आणि आत गेला. मेल्विना थोडा वेळ सुरीचा आवाज येतो का ते ऐकत बसली. आला नाही, तशी ती निघाली.

घरी आल्यावर तिनं यादीवाल्या कचेरीत फोन केला आणि सांगितलं, अल्सी रोशाँ हे नाव काढा, तो सापडला. पलीकडे बाई बदललेली होती. ती जवळजवळ रडलीच. म्हणाली, मॅडम, वर्षभरात मला आलेला हा सगळ्यात आनंदाचा फोन. मेल्विनानं आभार मानून फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी डेल्फीनचा फोन आला. ओनी चुलीपुढे उभा राहतो आणि पीठ करपून धूर निघाला तरी त्याला कळत नाही. परवा ग्राहक भरलेले असताना तो जमिनीवर बसून राहिला. "मी वाईट बाई नाही, मिस मेल्विना," ती म्हणाली, "पण मला दुकान चालवायचंय. त्याला एकट्याला सोडू नका एवढंच."

मेल्विना बसची पाळी संपवून गेली आणि त्याला घेऊन आली. एक पिशवी, बाकी काही नाही.

तिथून पुढे पाच वर्षं ती दोघं त्या दोन खोल्यांत राहिली. अल्सीनं पुन्हा कधी चुलीला हात लावला नाही. तो भांडी घासायचा, तिचा गणवेश इस्त्री करायचा, बाहेरच्या पायरीवर बसून राहायचा. बंद खोलीत त्याचा जीव घुसमटायचा, म्हणून थंडीतही दार उघडं असायचं आणि मेल्विना स्वेटर घालून स्वयंपाक करायची. ती काय शिजवेल ते तो खायचा. बरं-वाईट बोलायचा नाही. तिला कधी कधी त्याची फार दया यायची, आणि कधी त्याच्या पाठीकडे बघून वाटायचं, याच पाठीनं तो बसमध्ये चढला. दोन्ही एकाच दिवशी वाटायचं.

झेनोबियाला हे बघवत नसे. एकदा तिनं मेल्विनाला अंगणात नेऊन खडसावलं. "माफ तरी कर, नाहीतर हाकलून दे. हे मधलं काय चालवलंयस?"

"मधलंच जमतंय," मेल्विना म्हणाली. "तेवढं करतेय."

आईविषयी ते एकदाच बोलले. मेल्विना उकडलेली अंडी सोलत होती. अल्सी दारातून म्हणाला, "हाका कशा होत्या, ते म्हणाले का?" तिनं सांगितलं, विचारू नकोस. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मिस्टर पॉप्युलस म्हणाले होते की शेवटी शेवटी ती रागावून नव्हे, जेवायला बोलवावं तशा हाका मारत होती. हे मेल्विनानं कुणालाच सांगितलं नाही.

पाचव्या वर्षी अल्सी पिवळा पडला. यकृताचं दुखणं होतं, फार पुढे गेलेलं. तीन महिने मिळाले. इस्पितळात ती बसवरून थेट यायची आणि त्याच्या उशाशी बसायची. त्यानं एकच गोष्ट मागितली. मला इथंच कुठंतरी पुरा, म्हणाला, तिच्याजवळ नको. कसं तोंड दाखवू?

मेल्विनानं त्याचे ओठ ओले केले आणि काही कबूल केलं नाही.

तो ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत गेला. तिनं त्याला न्यू ऑर्लिन्सला नेलं. रोशाँ घराण्याची थडग्याची जागा एकच, विटांची, चुना दिलेली, जमिनीवर उभी असलेली. तिच्यात एका वेळी एकच पेटी मावते. कबरस्तानाच्या माणसानं दगड काढला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, आईची हाडं मागं सारावी लागतील, मिस, म्हणजे याला जागा होईल. चालेल ना?

तिच्याकडे अजून वेळ होता. ह्यूस्टनला परत नेता आलं असतं, किंवा इथंच दुसरीकडे. आपण हे मायेनं करतोय की सूड म्हणून, हे तिला त्या क्षणीही सांगता आलं नसतं.

"सारा," ती म्हणाली.

तो आत वाकला. सारायचा कोरडा आवाज आला. झेनोबियानं तिचा दंड धरला होता. मग पेटी आत गेली, विटा लागल्या, पाद्री निघून गेला. तिथल्या रिवाजाची वाजंत्री लावली नव्हती, माणसंही पाच-सहाच होती. ती आपापल्या वाटेनं पांगली.

पुरून आल्यावर जेवायचं असतं. झेनोबिया म्हणाली, काहीतरी पोटात घाल, नाहीतर पडशील. जवळच्या कोपऱ्यावर एक नवी खानावळ होती. भिंती उघड्या विटांच्या ठेवलेल्या, फळ्यावर खडूनं सुबक अक्षरांत पदार्थ लिहिलेले, टेबलाशी बाहेरगावची तरुण जोडपी. दोघी काळ्या कपड्यांत खिडकीशी बसल्या. मेल्विनानं तळलेला मासा आणि भात मागवला.

वाढणारी मुलगी हसतमुख होती. पाणी ओतताना तिनं विचारलं, "फिरायला आलात का? कुठून?"

झेनोबिया काही बोलणार होती. ही बाई इथून तीन गल्ल्यांवर जन्मली, असं काहीतरी. मेल्विनानं तिच्या हातावर हात ठेवला.

"ह्यूस्टनहून," ती म्हणाली.

मुलगी म्हणाली, वा, मग आमच्याकडची चव आवडेल तुम्हाला. ताटं आली. मासा बरा होता, थोडा खारट. मेल्विनानं सगळा संपवला आणि झेनोबियाचं होईपर्यंत ती रस्त्याकडे बघत बसली.